कोतवाल बुकातली मयतीची पानं कशी वाचायची: खानदेशातल्या १९०० ते १९२० च्या नोंदींसाठी

२०२३ पासून कुणबी नोंदींच्या निमित्ताने कोतवाल बुक, म्हणजे गावचं जुनं जन्म-मृत्यूचं रजिस्टर, हे नाव खानदेशात शेंबड्या पोरालाही माहीत झालंय. कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती आली, तहसीलच्या रेकॉर्ड रूममधले धूळ खात पडलेले गठ्ठे सुटले, मोडी ही जुनी लिपी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. पण होतं काय की लोक पणजोबाचं नाव शोधतात, जातीचा रकाना बघतात, नक्कल घेतात आणि वही बंद. त्याच ओळीत पुढे वय असतं, तारीख असते, मयतीचं कारण असतं, आणि तिकडे कोणी ढुंकून बघत नाही. ते कसं बघायचं, त्यावरून आपल्या गावात किंवा पेठेत प्लेग कधी आला, मानमोडीत, म्हणजे १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत, किती माणसं गेली हे कसं काढायचं, त्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही की इतिहासाचा प्राध्यापक नाही, पण या वह्या बऱ्याच चाळल्यात आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. कारणाच्या रकान्यावर फार विसंबू नका, तारखा आणि वयं वाचा, खरी माहिती तिथे आहे.

आधी वही कुठे मिळते ते बघू. खेड्यासाठी गाव नमुना नंबर १४, म्हणजेच जन्म-मृत्यूचं रजिस्टर, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. ते तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतं. शहरासाठी नगरपालिकेचं रजिस्टर वेगळं. धुळ्याची नगरपालिका १८६२ ची आणि जळगावची १८६४ ची, दोन्ही २००३ मध्ये महानगरपालिका झाल्या, त्यामुळे जुनं रेकॉर्ड आता मनपाच्या जन्म-मृत्यू विभागात किंवा त्यांच्या रेकॉर्ड रूममध्ये विचारायचं. जन्म-मृत्यू नोंदणीचा आत्ताचा कायदा १९६९ चा, आपल्याकडे लागू झाला १ एप्रिल १९७० ला, त्याच्या आधीचं सगळं हे जुन्या पद्धतीचं. गावच्या ग्रामसेवकाकडे जाऊन १९१८ ची नोंद मागू नका, तो बिचारा कुठून देणार.

आता इथे खानदेशाची एक गोची आहे. १९०६ पर्यंत सगळा मिळून एकच खानदेश जिल्हा होता, मुख्य ठिकाण धुळे. १९०६ ला पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन झाले, १९६० ला त्यांची नावं जळगाव आणि धुळे झाली, आणि नंदुरबार तर १ जुलै १९९८ ला वेगळा निघाला. तालुक्यांचंही तसंच. जुन्या कागदात नसीराबाद तालुका दिसला तर तो जळगावचा भाग, सावदा तालुका म्हणजे आताचा रावेर-यावलकडचा पट्टा, विरदेल म्हणजे शिंदखेड्याकडचं, पिंपळनेर म्हणजे साक्री, आणि एदलाबाद म्हणजे आपलं मुक्ताईनगर. धरणगाव, बोदवड हे तालुके तर अलीकडचे, म्हणून धरणगावच्या आसपासच्या गावचं जुनं रेकॉर्ड एरंडोलला निघू शकतं. अर्जात आताचा तालुका टाकला आणि 'आढळ होत नाही' असं उत्तर आलं तर लगेच निराश होऊ नका, आधी ते गाव त्या काळात कुठल्या तालुक्यात होतं ते काढा, मग तिकडे अर्ज करा.

अर्ज साधा असतो. तहसीलदारांच्या नावाने, विषय 'गाव नमुना नं. १४ ची साक्षांकित नक्कल मिळणेबाबत', गावाचं नाव, सालं, कशासाठी पाहिजे ते, आणि कोर्ट फी स्टॅम्प. सालं मात्र नीट द्या. '१९०० ते १९५०' असं लिहिलं की बाबू लोकांच्या पोटात गोळा येतो आणि अर्ज खाली जातो, त्यापेक्षा '१९१७ ते १९१९' असं तीनच वर्षांचं मागा, काम होतं. त्याआधी घरबसल्या एक करा. महसूल खात्याने बऱ्याच जुन्या वह्या स्कॅन करून ऑनलाईन टाकल्यात आणि कुणबी नोंदींच्या शोधात सापडलेली पानं जिल्ह्यांच्या वेबसाईटवरही चढलीत, तर आपल्या गावाचं काय आहे ते आधी तिथे बघा, चक्कर वाचते. ऑफिसमध्ये 'रेकॉर्ड जीर्ण आहे', 'वाळवी लागली', 'वही सापडत नाही' हे तर ठरलेलंच, मलाही एका ठिकाणी हेच ऐकवलं होतं. अशा वेळी भांडू नका, माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचा स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि नक्कल न मागता 'अभिलेख पाहणी'ची मागणी करा, कारण पाहणीचा पहिला तास फुकट असतो आणि वही समोर आली की पाच मिनिटांत कळतं आपल्या कामाची आहे की नाही. वही खरंच नसेल तर तसं लेखी घ्या.

रेकॉर्ड रूममध्ये गेल्यावर दोन गोष्टी. थुंकी लावून पान उलटू नका, तो कागद शंभर वर्षांचा आहे, कडेने हात घातला तरी तुकडा पडतो. आणि परवानगी घेऊन मोबाईलने फोटो काढायचे असतील तर फ्लॅश बंद, पान खिडकीच्या उजेडात, आणि प्रत्येक वहीचं पुठ्ठ्यावरचं पान आधी, नाहीतर घरी येऊन आठशे फोटो आणि कुठला फोटो कुठल्या गावचा काही पत्ता नाही.

आता मोडी. सगळे इथेच गळतात, कारण त्या काळातल्या बहुतेक नोंदी मोडीत आहेत, बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी, नंतर येतं. घाबरायचं काही कारण नाही, कारण मोडीतले आकडे जवळजवळ आपल्या बाळबोध आकड्यांसारखेच असतात. म्हणजे एक अक्षर मोडी येत नसताना तुम्ही तारीख वाचू शकता, वय वाचू शकता, अनुक्रमांक वाचू शकता. अर्धं काम तिथेच झालं. उरलेल्या रकान्यांत शब्द थोडेच असतात आणि तेच तेच परत येतात. मुलगा, मुलगी, स्त्री, पुरुष, चार-पाच जातींची नावं, ताप, पटकी, देवी. ते वीस-पंचवीस शब्द कोणा जाणकाराकडून एकदा वाचून घ्या, त्यांचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, मग पुढची पानं तुमची तुम्हाला लागतात. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या शेवटी धुळ्यातच वारले आणि लगेच १९२७ ला हे मंडळ निघालं, मोडीची परंपरा तिथे जुनी आहे. पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्गही निघतात. पैसे देऊन वाचून घेणार असाल तर एक सांगतो, एकाच पानाचं वाचन दोन वेगवेगळ्या माणसांकडून करून घ्या. सध्या या धंद्यात हौशे-नवशे-गवशे सगळेच उतरलेत.

नावं वाचताना काही शब्द माहीत पाहिजेत. 'बिन' किंवा 'वल्लद' म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईच्या नावापुढे 'कोम' किंवा 'भ्रतार' आलं की पुढचं नाव नवऱ्याचं. आडनाव बहुतेक नसतंच, त्यामुळे 'पाटील' शोधत बसाल तर गावात सगळेच पाटील किंवा कोणीच नाही. जन्माच्या नोंदीत तर बाळाचं नावही नसतं, नुसतं अमक्यास मुलगा झाला, अमक्यास मुलगी झाली. म्हणून घराण्याचा शोध घ्यायचा असेल तर बापाचं आणि आज्याचं नाव पक्कं माहीत पाहिजे.

तारखांचं एक. काही ठिकाणी इंग्रजी तारीख असते, काही ठिकाणी मराठी महिना-तिथी आणि शके. शकेमध्ये ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या नोंदींना ७९ मिळवायचे. म्हणजे शके १८४० चा आश्विन हा १९१८ चा ऑक्टोबर, पण त्याच शके १८४० चा माघ हा १९१९ मध्ये येतो. आणि दोन तारखा असतील, मयतीची एक आणि नोंद केल्याची एक, तर दोन्ही उतरवा. का ते पुढे सांगतो.

आता कारणाचा रकाना. सरकारला वरती जो तक्ता पाठवायचा असायचा त्यात मोजकीच खाती होती. पटकी म्हणजे कॉलरा, देवी, प्लेग, ताप, हगवण-आव, श्वासाचे म्हणजे छातीचे रोग, अपघात-आत्महत्या-सर्पदंश वगैरे, आणि इतर. मेलेला प्रत्येक माणूस यातल्या कुठल्या तरी एका खात्यात बसवायचा. आणि बसवणारा कोण, तर पाटील किंवा कुलकर्णी, पुढे तलाठी. खबर आणणारा गावचा महार नाहीतर जागल्या, म्हणजे गावचा राखणदार. डॉक्टरचा यात काही संबंध नव्हता, खेड्यात डॉक्टर होताच कुठे. देवी काढणारा, म्हणजे देवीची लस टोचणारा, सरकारी माणूस दौऱ्यावर आला की रजिस्टर तपासून जायचा, तेवढीच काय ती तपासणी. मग पाटलाला जे दिसलं ते तो लिहिणार. अंग तापलं आणि माणूस गेला, लिहा ताप. यात हिवताप आला, टायफॉईड आला, क्षय आला, न्यूमोनिया आला, बाळंतपणानंतरचा ताप आला, सगळं एका खात्यात. सरकारी अहवालांतही तापाचं खातं सगळ्यात मोठं असायचं आणि त्या काळच्या आरोग्य अधिकाऱ्यांनाही ते खरं नाही हे माहीत होतं.

तरी काही कारणांवर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. देवी कोणालाही ओळखू यायच्या, अंगावर दिसायच्या. पटकीही, कारण सकाळी धडधाकट असलेला माणूस जुलाब-उलट्या होऊन रात्रीपर्यंत संपायचा. प्लेगची गाठ जांघेत नाहीतर काखेत दिसायची, म्हणून गाठीचा ताप. सर्पदंश, विहिरीत पडून, हे उघड असायचं. बाकी 'ताप' आणि 'इतर' वाचलं की लगेच निष्कर्ष काढू नका.

तिथेच तारखा कामी येतात. प्रत्येक रोगाचा आपला हंगाम असतो. पटकी उन्हाळ्याच्या शेवटी विहिरी-झरे आटले की आणि पहिल्या पावसात घाण पाण्यात उतरली की भडकायची, नाहीतर यात्रेहून माणसं परतली की आठ दिवसांत. देवी फाल्गुनापासून वैशाखापर्यंत, आणि मरणारी बहुतेक लहान पोरं. हिवताप पावसाळा ओसरताना, भाद्रपद ते कार्तिक. प्लेग पाऊस संपल्यावर जोर धरायचा आणि हिवाळाभर चालायचा, मग आपला एप्रिल-मेचा उन्हाळा आला की ओसरायचा, कारण चव्वेचाळीस डिग्रीच्या कोरड्या उन्हात उंदरावरची पिसू टिकत नाही. तर मे महिन्यातली एखादी 'प्लेग' नोंद दिसली तर जरा शंका घ्या, आणि डिसेंबरात एकाच गल्लीत आठवड्यात पाच जण 'तापाने' गेले, तरणेताठे, तर तिथे प्लेग लपलेला असू शकतो. प्लेग लपवायला कारणही होतं. १८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि १८९७ चा साथरोग कायदा आला, घरझडती, सामान जाळणं, माणसं उचलून नेणं, क्वारंटाईन. लोक सरकारला प्लेगपेक्षा जास्त भ्यायचे. मग 'ताप' लिहिलेलं कोणाला नको होतं.

प्लेगच्या वर्षात अजून एक होतं, एकदम नोंदीच कमी होतात. घरात उंदीर पडायला लागले की अख्खं गाव शेतात, माळावर झोपड्या टाकून राहायचं. त्या काळात मेलेला माणूस कधी शेजारच्या गावच्या वहीत सापडतो, कधी कुठेच नाही. नोंदी कमी म्हणजे गाव वाचलं असं समजू नका.

दुष्काळाचं तर विचारूच नका. १८९९-१९०० चा दुष्काळ, गुजर-मारवाडी घरांत अजून छप्पनिया म्हणतात, संवत १९५६ चा म्हणून. खानदेशात त्या वर्षी माणसं आणि गुरं दोन्ही फार गेली. तर १९०० ची वही उघडली की तुम्हाला वाटेल 'उपासमार' असं लिहिलेलं सापडेल. नाही सापडत, कारण ठरलेल्या खात्यांत तसं खातंच नव्हतं. भुकेने खंगलेला माणूस शेवटी हगवणीने जातो, तापाने जातो, दुष्काळी कामावरच्या गर्दीत पटकी लागून जातो, आणि वहीत तेच लिहिलं जातं. म्हणून १९०० साठी कारणं सोडा, सरळ १८९५ ते १९०५ अशी अकरा वर्षांची मयत संख्या एकाखाली एक मांडा, १९०० चा उभा डोंगर आपोआप दिसतो. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा वस्त्यांचं मात्र यातूनही नीट कळत नाही, अक्राणी आणि पश्चिमेचा मेवाशी भाग, म्हणजे छोट्या भिल्ल संस्थानिकांचा मुलूख, तर नोंदणीच्या बाबतीत फार कच्चा होता, आणि तिथली माणसं खाली कामाच्या शोधात उतरून जिथे मेली तिथे 'परगावचा', 'बेवारस' म्हणून लिहिली गेली. तुमच्या वहीत असे बेवारस त्या वर्षी किती आहेत ते नक्की मोजा.

आता १९१८. आमच्याकडे जुनी माणसं त्या साथीला मानमोडी म्हणायची, 'मना आजा मानमोडीमा गया' एवढं एका वाक्यात सांगून मोकळी व्हायची. ही इन्फ्लुएन्झाची साथ. जूनमध्ये मुंबईत पहिली लाट, ती त्यामानाने सौम्य, आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर दुसरी, ती जीवघेणी. मुंबईत ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी ७६८ मृत्यू नोंदले गेले. तिथून रेल्वेने ती आत शिरली, आणि आपलं भुसावळ तर जंक्शन, मुंबईची गाडी तिथूनच नागपूरला आणि उत्तरेला जाणार. हिंदुस्थानात सव्वा कोटी ते पावणेदोन कोटी माणसं गेली असा अंदाज आहे. त्याच वर्षी पाऊसही फसला होता, धान्य महाग, महायुद्ध चालू. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी किंचित कमीच झाली.

वहीत ही साथ 'इन्फ्लुएन्झा' म्हणून शोधाल तर बहुतेक ठिकाणी हाती काही लागणार नाही, ती तापाच्या आणि छातीच्या खात्यात गेलीय. ती ओळखायची वयावरून. एरवीच्या वर्षात वहीत दोन टोकं दिसतात, एक तान्ही आणि लहान पोरं, दुसरे म्हातारे. १९१८ च्या आश्विनात मध्येच वीस ते चाळीसची माणसं येतात, रांगेने, आणि बायका जास्त.

तापीकाठच्या एका गावच्या वहीचं ते पान माझ्याकडे आहे. श्रावण-भाद्रपदात पानभर जागा कशी ऐसपैस वापरलीय, ओळीत अंतर, अक्षर वळणदार. आश्विन लागला की ओळी एकमेकींवर चढायला लागतात. कारणात पहिल्या नोंदीला 'ताप' आणि मग खाली नुसतं 'सदर', 'सदर', 'सदर', म्हणजे वरच्यासारखंच. एका घरातला अठ्ठावीस वर्षांचा माणूस, दोन ओळी सोडून त्याची बायको, वय बावीस, आणि पुढच्या पानावर त्याच बापाच्या नावाने 'मुलगी, महिने तीन', नाव नाही. तिचं कारणही सदर. त्यानंतर मध्ये चार-पाच दिवस एकही नोंद नाही आणि मग एकाच तारखेला नोंदींचा ढीग, आणि तो ढीग वेगळ्या हातचा. लिहिणारा आजारी पडला, की मेला, की गाव सोडून गेला, वही सांगत नाही, पण हात बदललाय हे स्पष्ट दिसतं. म्हणूनच वर म्हटलं की मयतीची तारीख आणि नोंदीची तारीख दोन्ही उतरवा, दोन्हींमधलं अंतर अचानक वाढलं की समजायचं गावाची घडी मोडलीय आणि त्या दिवसांत कित्येक मयती वहीत आल्याच नसणार.

हे सगळं डोळ्यांनी बघून लक्षात राहत नाही, एक्सेलमध्ये घ्या. रकाने: गाव, वहीचं साल, अनुक्रमांक, मयतीची तारीख, नोंदीची तारीख, नाव, बाप किंवा नवरा, जात, लिंग, वय, कारण जसं लिहिलंय तसं, आणि शेरा. कारण 'सुधारून' लिहू नका. वहीत ताप आहे ना, मग ताप. तुम्हाला काय वाटतं ते शेऱ्यात. वय महिन्यांत असेल तर महिन्यांतच. मग पिव्होट टेबल टाकून महिनावार आणि वयोगटवार मोजणी काढा, एक वर्षाच्या आतले, एक ते पाच, पाच ते वीस, वीस ते चाळीस, चाळीसच्या वर. वयाचे आकडे बघून हसू येईल, सगळे ३०, ३५, ४०, ६०, त्रेपन्न वर्षांचा माणूस सापडायचा नाही. वय कोणालाच माहीत नव्हतं, अंदाजे सांगायचे, म्हणून गट मोठे ठेवा.

दर काढायचा असेल तर लोकसंख्या लागते, ती जनगणनेतून घ्या, १९०१, १९११ आणि १९२१ ची. समजा १९११ ला गावात ८०० माणसं आणि साधारण वर्षाला २४ मयत, तर हजारी ३०. समजा १९१८ ला ७२ निघाले, तर हजारी ९०. पण एवढ्याशा गावात दोन-चार मयती इकडेतिकडे झाल्या की दर उड्या मारतो, म्हणून एका गावावर बोलू नका, शेजारची पाच-सहा गावं एकत्र करा. त्यातही एक करून बघा, काही रेल्वेलाईनवरची गावं घ्या, पाचोरा, चाळीसगावकडची, आणि काही चोपड्याच्या वरची, सातपुड्याच्या पायथ्याची, आणि दोघांकडे मयती कुठल्या आठवड्यात वाढल्या ते शेजारी शेजारी मांडा. साथ कुठून कुठे सरकली हे तिथे कळतं, फार मजेचं काम आहे.

वही किती खरी आहे हे तपासायची एक सोपी युक्ती. वर्षाच्या आत मेलेली जेवढी बाळं मयतीत सापडतात, त्यांचे जन्म जन्माच्या भागात शोधा. दहापैकी नऊ सापडले तर वही चांगली. पाचच सापडले तर समजा की लिहिणारा निम्मे जन्म सोडत होता, मग मयतीही सोडल्या असणार. मुलींचे जन्म मुलांपेक्षा फारच कमी दिसले तरी तेच, बऱ्याचदा मुलगी झाल्याची खबरच जात नसे. (किंवा त्याहून वाईट काही, पण ते वहीवरून ठरवता येत नाही.) आणि १९१९ चे जन्मही मोजा, जून-जुलैपासून, म्हणजे मानमोडीनंतर नऊ महिन्यांनी. ते कमी झालेले दिसले तर १९१८ ची साथ तुमच्या गावात मोठी होती, मग मयतीची पानं फाटलेली का असेनात.

शहरात अजून दोन भानगडी. एक, दवाखान्यात मेलेला माणूस शहरात मोजला जातो, मग तो धुळ्याचा असो की साक्रीकडचा. म्हणून पत्ता बघा आणि बाहेरगावचे वेगळे काढा, नाहीतर शहर उगाच जास्त रोगट दिसतं. दुसरं, पेठा. जळगावात जुने जळगाव, शनिपेठ, बळीरामपेठ, पोलनपेठ, धुळ्यात गल्ल्यांना नंबर, नोंदीत असा पत्ता असेल तर सोनंच, कारण पेठवार मांडलं की पाणी कुठून यायचं, दाटी कुठे होती, गिरणीचे कामगार कुठे राहायचे हे सगळं त्या आकड्यांत उतरतं. भुसावळच्या रेल्वेतल्या गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन लोकांचं शोधत असाल तर मात्र चर्चची दफनाची रजिस्टरं बघावी लागतील, मुंबई इलाख्यातल्या त्यांच्या नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. जिल्ह्याचे एकूण आकडे पाहिजे असतील तर मुंबई सरकारच्या सॅनिटरी कमिशनरचे वार्षिक अहवाल इंटरनेटवर स्कॅन होऊन पडलेत, पूर्व आणि पश्चिम खानदेश वेगवेगळे मिळतात, आपल्या गावाचे आकडे काढून झाले की त्यांच्याशी ताडून बघा. आधी ते बघू नका, मग माणूस तेच शोधत बसतो.

आणि 'त्या काळी माणसं शंभर वर्षं जगायची' म्हणणारे आपल्याकडे पैशाला पासरी आहेत, त्यांना १९११ ते २१ चं आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास काढलंय हे सांगितलं की ते उसळतात, त्यांना वही दाखवा. त्याचा अर्थ सगळे विसाव्या वर्षी मरायचे असा नाही, पाळण्यातच इतकी पोरं जायची की सरासरी खाली यायची. पाच वर्षं पार केलेला माणूस पुष्कळ जगू शकायचा.

एक शेवटचं सांगायचं राहिलं. या वह्यांत 'विहिरीत पडून मयत' अशा बायकांच्या नोंदी भेटतात, वय अठरा, वीस, पंचवीस. बापाचं नाव नसलेली बाळं भेटतात. जातीबद्दल त्या काळी लिहायचे तसे शब्द भेटतात. गावात तीच घरं अजून आहेत, पणतू-खापरपणतू तुमच्या मौतीला-लग्नाला येतात. तर नावासकट फोटो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, आकडे टाका, तक्ता टाका, नावाचा रकाना झाकून पान टाका. पूर्ण एक्सेल आणि फोटोंची एक प्रत पेनड्राईव्हवर घेऊन गावच्या वाचनालयात नाहीतर शाळेत द्या, आणि फोल्डरला नाव देताना तालुका-गाव-साल असं द्या, कारण 'कोतवाल बुक न्यू फायनल २' नावाच्या फोल्डरमधून दहा वर्षांनी कोणाच्या बापाला काही सापडत नाही.